आपल्या मापाची सायकल

घरातल्या बाईला सगळ्यांची मापं पाठ असतात. ह्यांच्या शर्टाची कॉलर, मुलाच्या बुटाचा नंबर, नातीच्या झबल्याला लागणारं कापड, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण स्वतःसाठी माप देऊन काय काय घेतलं असं विचारा, ब्लाउज आणि बांगड्या यांच्यापलीकडे यादी जात नाही. बाकीच्या वस्तू आपल्याला घरातूनच मिळतात. मुलीचा जुना मोबाइल, मुलाची जुनी सॅक, ह्यांचं जुनं घड्याळ. चालतंय ना, मग झालं!

गेल्या वर्षी मी पन्नाशीला टेकले आणि जवळजवळ तीस वर्षांनी पुन्हा सायकल चालवायची असं मनानं घेतलं, तेव्हाही घरातून पहिली सूचना तीच आली. पुतण्याची सायकल पडून आहे, ती घे. दोन महिने मी तीच चालवली. त्या दोन महिन्यांत मला एवढं कळलं, की सायकल चालवणं मी विसरलेले नाही आणि ही सायकल माझी नाही. मग नवी घ्यायचं ठरलं. ती घेताना जे पाहिलं, शिकले, घरात जी बोलणी झाली, ते सगळं इथं सांगते आहे. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात हे असणारच.

आमचं तळेगाव ढमढेऱ्यांचं, शिरूर तालुक्यातलं, वेळ नदीकाठचं. नुसतं तळेगाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मावळातलं दाभाड्यांचं तळेगाव येतं, त्यामुळे पत्ता सांगताना आम्हाला आडनाव लावावंच लागतं. माझं माहेर भीमेपलीकडे, दौंड तालुक्यात. घर वस्तीवर आणि शाळा गावात, साडेपाच किलोमीटरवर. वडिलांची काळी अ‍ॅटलस होती, तिच्यावर मी शिकले. नळीवरून पाय टाकता येईना एवढी मी बुटकी, म्हणून नळीखालून पाय घालून, अंग एका बाजूला कलवून चालवायची. दहावीची परीक्षा १९९१ साली त्याच सायकलवरून जाऊन दिली. १९९६ साली लग्न झालं. सुनेनं सायकलवरून फिरायचं, ही गोष्ट तेव्हा इथं कुणाच्या डोक्यातही आली नसती. कुणी नको म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. विषयच निघाला नाही.

आता तो निघाला दोन कारणांनी. पहिलं कारण डॉक्टरांनी दिलं. रक्तातली साखर काठावर आली होती आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं दम लागेल असा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो, त्यामुळे गुडघ्यांना चालण्यापेक्षा कमी त्रास होतो. एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात, आणि सायकलीनं हाडांना तो भार मिळत नाही. म्हणून सायकल सुरू केली तरी चालणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं सोडायचं नाही.

दुसरं कारण माझ्या आईचं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, भावाकडे असते. माहेर इथून आतल्या रस्त्यानं साधारण बत्तीस किलोमीटर. एसटीनं जायचं तर दोन गाड्या बदलायच्या. नाहीतर कुणीतरी सोडायला हवं आणि कुणीतरी आणायला. ह्यांचं खताबियाण्यांचं दुकान, हंगामात सवड नाही. मुलगा पुण्यात. घरात एक स्कूटी आहे, ती सूनबाईच्या नोकरीला लागते. म्हणजे आईला भेटायचं तर आधी घरातल्या तिघांच्या वेळा जुळवायच्या. त्या जुळेपर्यंत महिना जातो. बत्तीस किलोमीटर काही फार नाही, सायकलवर सावकाश दोन-सव्वादोन तास, असा हिशेब मी मनात कितीदा केला असेल!

हा हिशेब मी जेवताना बोलून दाखवला आणि घरात सगळेच बोलायला लागले. मुलगा फोनवरून म्हणाला, "आई, तू पुढं बास्केट असलेली लेडीज सायकल घे. छान असतात, गुलाबीसुद्धा मिळतात." सूनबाईला वाटत होतं बॅटरीची घ्यावी. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, "तेवढ्या पैशात जुनी स्कूटी येईल, मग सायकल कशाला?"

बास्केटवाल्या सायकलीला मी नावं ठेवत नाही. बाजारात जाऊन भाजी आणायची, बँकेत जायचं, नातीला अंगणवाडीत सोडायचं, तर ती उत्तम. चेनला पूर्ण कव्हर असतं, मडगार्ड असतं, साडीसुद्धा सांभाळली जाते. पण तिचं वजन भरपूर, बसण्याची ढब ताठ आणि गियर एकच. उघड्या माळावर समोरून वारा सुटला की ताठ बसलेल्या माणसाची छाती शिडासारखी वारा अडवते. आमच्याकडे दुपारचा वारा कसा असतो ते शिरूर-दौंडकडच्या बायकांना सांगायला नको. मला जायचं होतं लांब. त्यासाठी जी सायकल असते, पातळ टायरची, खाली वळलेल्या हँडलची, जिला दुकानात रोड बाइक म्हणतात, तीच मला घ्यायची होती. आम्ही लहानपणी तिला रेसरची सायकल म्हणायचो.

"ती पोरांची असते," असं घरात एकमतानं ठरलं.

लेडीज सायकल म्हणजे काय, हे मी मग जरा शोधून वाचलं. आज आपण पाहतो तशी दोन सारख्या चाकांची, चेनची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमाराला बाजारात आली. १८८८ मध्ये डनलपनं हवेचं टायर काढलं आणि ती बसण्याजोगी झाली. तिथल्या बायकांचे झगे घोट्यापर्यंत लांब, म्हणून त्यांच्यासाठी वरची नळी खाली वाकवली. एवढंच कारण! बाईच्या हाडांशी किंवा ताकदीशी त्या नळीचा काही संबंध नाही. ती वाकवली झग्यासाठी आणि आपण मात्र सव्वाशे वर्षं धरून बसलो, की आडवी नळी असेल तर ती पुरुषाची सायकल.

मी दहावीला होते त्याच १९९१ साली तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली होती. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी वाचण्यालिहिण्याबरोबर बायकांना सायकल शिकवायचंही ठरवलं. हजारो बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या सेविका. इतक्या, की लेडीज सायकली कमी पडल्या आणि बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. काहींना तर त्याच बऱ्या वाटल्या, कारण वरच्या नळीवर मूल बसवता येतं. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. बाजारातून माल आणायला, पाणी भरायला, मुलांना न्यायला आता कुणासाठी थांबावं लागत नाही, हे त्या बायकांचं सुख होतं.

हे मी घरात वाचून दाखवलं. सासूबाई भिंतीला टेकून शेंगा फोडत होत्या. त्या मला सायकल नकोच म्हणतील अशी सगळ्यांची खात्री. त्या म्हणाल्या, "अगं, बांगडी भरताना कासारापुढं हात करतीस ना? दोन आण्याच्या बांगडीला माप बघतीस, आन् एवढ्या पैशाच्या वस्तूला दुसऱ्याचं उरलेलं का घेतीस?" त्यांच्या मनात अजून आणेच चालतात. पण मुद्दा त्यांनी नेमका पकडला. त्यानंतर निदान नवी घ्यायची की नको ही चर्चा थांबली.

आता मापाचं बोलते, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. रंग, कंपनी, गियर हे सगळं नंतर. पुतण्याच्या सायकलवर माझी मान अर्ध्या तासात अवघडायची आणि बोटांना मुंग्या यायच्या. कारण सायकल पाच फूट आठ इंचांच्या पोरासाठी होती आणि मी आहे पाच फूट एक इंच. सीट खाली केली म्हणजे सायकल लहान होत नाही. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं आणि आपण त्याच्यावर पालीसारखे पसरतो.

माप घरी घेता येतं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. एक जाड पुस्तक दोन मांड्यांमध्ये धरून, सीटवर बसल्यासारखं वाटेल इतकं घट्ट वर लावायचं. पुस्तकाची वरची कड भिंतीवर पेन्सिलीनं खुणवायची आणि जमिनीपासून मोजायचं. माझं आलं ७१ सेंटिमीटर. याला ०.६७ नं गुणलं की फ्रेमचं माप येतं, माझं साडेसत्तेचाळीस. ०.८८३ नं गुणलं की सीटची उंची येते, म्हणजे पायडलं ज्या मधल्या धुरीवर फिरतात तिच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. माझी पावणेत्रेसष्ट. हल्लीच्या फ्रेमची वरची नळी उतरती असते, त्यामुळे फ्रेमचा आकडा तंतोतंत जुळत नाही. पण दुकानदाराने ५४ पुढं केली तर ती आपली नाही, इतकं कळायला तो पुरतो. माझ्यासारखीला सगळ्यात लहान, म्हणजे एक्स एस लागते.

हे आकडे चिठ्ठीवर लिहून मी मुलाला घेऊन पुण्यात गेले. पहिल्या दुकानातला विक्रेता माझ्याकडे न बघता मुलाशीच बोलत होता. "काकूंना काय, हीच बरी," म्हणून त्यानं फुलांची चित्रं असलेली पुढं केली. मी चिठ्ठी दाखवली तर हसला. आम्ही तिथून निघालो. दुसरीकडे फ्रेम लहान होती, पण चालवून बघायला देईनात. तिसऱ्या दुकानातल्या पोरानं चिठ्ठी वाचली, टेप आणून पुन्हा माप घेतलं, माझ्या खांद्यांची रुंदी पाहिली आणि म्हणाला, "काकू, तुम्हाला हँडलही अरुंद लागेल." मला एकदम आपल्या शिंप्याची आठवण झाली. त्याच दुकानात सायकल घेतली, पण पहिल्या दिवशी नाही. तीन फेऱ्या झाल्या.

दुकानात उभं राहून सायकल कळत नाही. निदान पंधरा-वीस मिनिटं चालवून पाहा, आणि त्यात काय पाहायचं ते सांगते. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं की गुडघा सरळ व्हावा. मग पावलाचा पुढचा भाग ठेवला की गुडघ्यात थोडी घडी राहते. सीट फार खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते, फार वर असेल तर कंबर डावीउजवीकडे हलते. हात हँडलवर ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. ताठ झालं तर हँडल लांब आहे. हँडलला धरणारा तो आडवा तुकडा, त्याला स्टेम म्हणतात, तो बदलून दोन-तीन सेंटिमीटर जवळ आणता येतं. माझा बदलला.

ब्रेकची मूठ आपल्या बोटांत येते का ते वरूनही पाहा आणि खालच्या वळणावर हात ठेवूनही पाहा. आपली बोटं आखूड. ब्रेकची मूठ जवळ आणायचा बारीक स्क्रू बहुतेक सायकलींना असतो, पण आपण विचारल्याशिवाय कुणी फिरवत नाही. लहान फ्रेमला आणखी एक खोड असते. हळू वळताना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागतो. दुकानाबाहेर छोटा आठचा आकडा काढून पाहिलात की कळेल.

गियरची मला धास्तीच होती. अठरा आणि वीस गियर म्हणजे काहीतरी यंत्र वाटायचं. पण दातांचा हिशेब समजला की सोपं आहे. पुढची चकती ३४ दातांची आणि मागची ३४ दातांची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदा फिरतं, म्हणजे आपण सुमारे दोन मीटर पुढं जातो. पुढं ५० आणि मागं ११ असेल तर एका फेऱ्यात चाक साडेचार वेळा फिरतं, साडेनऊ मीटरच्या वर. पहिला चढासाठी, दुसरा उतारासाठी. वडिलांच्या अ‍ॅटलसला चढ आला की उतरून ढकलत जायचं, दुसरा मार्गच नव्हता. आपल्यासारख्या वयात परतणाऱ्या बाईनं उताराच्या गियरकडे पाहूच नये. सगळ्यात हलका गियर कोणता आहे ते विचारावं. मागची मोठी चकती ३२ किंवा ३४ ची असली की गुडघे दुवा देतात.

टायरचं असं, की रेसची सायकल म्हणून २३ मिलिमीटरचं काडीसारखं टायर घेऊ नका. आपले रस्ते कसे आहेत ते आपल्याला माहीत आहे. २८ बरं, ३२ त्याहून बरं. या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसेल, हा प्रश्न दुकानात जरूर विचारा. आणि व्हॉल्व! आपल्या काळ्या सायकलीचा व्हॉल्व वेगळा, मोटारसायकलचा वेगळा आणि या पातळ ट्यूबचा बारीक उभट व्हॉल्व तिसराच. आमच्या पेठेतल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागेना. वीस-तीस रुपयांची पितळेची टोपी मिळते, ती लावली की पेट्रोल पंपावरचीही हवा भरता येते. ती टोपी, एक जादा ट्यूब आणि हातपंप सायकलला कायम बांधलेले असू द्या. ट्यूब बदलायला शिका. कुकरची रिंग बदलण्यापेक्षा थोडंसं जास्त काम आहे, एवढंच.

डिस्क ब्रेक घ्यावा की साधा? पावसात डिस्क चांगला धरतो. पण त्यात तेलाचा आणि तारेचा असे दोन प्रकार. गावात दुरुस्त होण्याजोगा तारेचा. मी तो घेतला.

सीटबद्दल आपण बायका बोलत नाही, आणि तिथंच सगळ्यात जास्त दुखतं. बसायची दोन हाडं असतात, ती बायकांमध्ये सहसा जास्त अंतरावर असतात. म्हणून थोडी रुंद सीट हवी. मऊ गुबगुबीत सीट दुकानात छान वाटते, पण तासाभराने हाडं तिच्यात रुततात आणि नको तिथं दाब येतो. जरा कडक, मध्ये खाच असलेली सीट लांबच्या प्रवासाला चांगली. आतून पॅडची पँट घालायची आणि वर सैल कुर्ता. ओढणी घरी ठेवायची. चाकात ओढणी गुरफटून काय होतं ते दुचाकीवर आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. सलवार घालायची तर उजवा पायचा क्लिपनं आवळायचा, कारण या सायकलींना चेनकव्हर नसतं.

पैशाचं सांगते. अशा सायकली पंचवीस-तीस हजारांच्या पुढे सुरू होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, त्याचा थोडा हातभार लागला. माझी अडीच हजारांची बारा जणींची भिशी होती, ती माझ्या नावावर निघाली आणि तीस हजार आले. हे पैसे गॅसच्या नव्या शेगडीला लावायचे असं आधी ठरलं होतं. शेगडी अजून जुनीच आहे, एक बर्नर जरा रुसतो. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि आरसा यांचे पैसे वेगळे धरा. त्यात काटकसर करू नका.

पैशावरून आमच्यात वाद झाला नाही. वाद झाला रस्त्यावरून. एका रात्री दिवा मालवल्यावर हे म्हणाले, "तू सायकल घे, सोन्याची घे. पण मी रोज दुकानात बसून कंटेनर बघतो. तू रस्त्यावर आहेस म्हटल्यावर माझं गिऱ्हाइकाकडे लक्ष लागणार नाही." त्यांचं खोटं नव्हतं. आमच्यापासून तीन-चार किलोमीटरवर शिक्रापूर, तिथं नगर रोड. शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं तरी रस्ता आमच्या तोंडात नगर रोडच आहे. एकीकडून रांजणगावच्या एमआयडीसीची वाहनं, दुसरीकडून चाकणची, आणि चाकण चौकात सगळी एकत्र. न्हावऱ्याकडे निघालं तर हंगामात उसाच्या ट्रॉल्या, कित्येकदा मागं लाल दिवासुद्धा नाही.

मी त्या रात्री काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दोघं स्कूटीवर बसून टाकळी भीमा, विठ्ठलवाडी, निमगाव म्हाळुंगी असे आतले रस्ते फिरून आलो. कुठे शाळेची गाडी किती वाजता येते, कुठे खडी उखडली आहे, कुठे कुत्री अंगावर येतात, सगळं पाहिलं. मग ठरवलं ते असं. नगर रोडला सायकल न्यायची नाही. अंधारात निघायचं नाही, उजाडल्यावरच. दिवसासुद्धा मागचा लाल दिवा चालू ठेवायचा. ऊसतोडीच्या हंगामात मोठ्या रस्त्याचा तुकडा टाळायचा. निघताना आणि पोचल्यावर फोन. काही बायकांना ही परवानगी वाटेल. मला तसं वाटलं नाही. त्यांच्या भीतीला मी उत्तर द्यायला हवं होतं, ते रस्ता पाहूनच देता येत होतं. आणि नियम झाले तरी जाणं रद्द झालं नाही.

सायकल घरी आली. दहा-साडेदहा किलोची, गडद हिरवी. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं आणि एका हातानं उचलून पाहिली. पुढच्याच रविवारी कुठे जायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. पहिले पंधरा दिवस रोज आठ किलोमीटर, मग बारा, मग एकाआड एक दिवस वीस. खाली वळलेल्या हँडलची सवय व्हायला तीन आठवडे लागले. गल्लीतली पोरं सुरुवातीला मागं ओरडत पळायची, आता नुसता हात करतात. किराणा दुकानातल्या बाईनं विचारलं, "गाडी विकली का हो तुमची?" त्यालाही मी सरावले.

अडीच महिन्यांनी माहेरी गेले. वाटेत दोनदा थांबले, एकदा चहाला आणि एकदा उगीचच, भीमेच्या पुलावर. सगळे मिळून अडीच तास लागले. आई ओट्यावर बसली होती. तिनं आधी माझ्या मागं पाहिलं, कुणाबरोबर आले ते बघायला. मग विचारलं, "आणि परत कोण नेणार?" मी सायकलकडे बोट दाखवलं. तिनं सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "जेवून जा. उन्हं कलल्यावर निघ." जेवताना तिच्या औषधांच्या चिठ्ठ्या पाहिल्या, रक्तदाबाची गोळी संपत आली होती ती भावाला सांगितली. एवढंच काम. पण ते महिनाभर थांबलं असतं.

आता महिन्यातून दोनदा जाते. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी साखर तपासली, जरा खाली आली आहे. अजून काठावरच आहे, पथ्य चालूच.

पुण्याच्या प्रीती म्हस्के यांनी २०२२ साली लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटरचं अंतर सायकलनं एकटीनं ५५ तास १३ मिनिटांत पार केलं. तेव्हा त्यांचं वय ४५ होतं, दोन मुलांची आई. त्यांच्यासारखं काही आपल्याला करायचं नाही. पण वय झालं, आता कुठे, असं कुणी म्हणालं तर सांगायला हे नाव जवळ असू द्या.

आणि तुमचा रस्ता पाच किलोमीटरचा, बाजारापुरताच असेल, तर बास्केटवाली घ्या. कुठे जायचं आहे त्यावर सायकल ठरते, आपण बाई आहोत यावर नाही. मात्र दुकानात जायच्या आधी एक जाड पुस्तक, एक पेन्सिल आणि शिंप्याची टेप घेऊन भिंतीपाशी उभ्या राहा. घरात कुणी काय चाललंय असं विचारलंच, तर खुशाल सांगा, माप घेते आहे, माझं.